राजाच्या दालनाशेजारची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, पण माझ्यातून आजवर कोणीही बाहेर डोकावलेले नाही. हिवाळ्यात कोणी मला घट्ट लावून घेतले नाही की उन्हाळ्यात कोणी उघडले नाही. कारण मी मुळात खिडकी नाहीच. मी भिंत आहे. भिंतीला खिडकीचे सोंग दिले आहे, इतकेच.

खोटी म्हणायचे तर खुशाल म्हणा. पूर्वी मला त्या शब्दाचा फार राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे. तेवढे एकच काय ते मला उघडता येते.

आमचे घर म्हणजे एल्डरकोम हॉल. सॉमरसेटच्या टेकड्यांत, मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेले. ते सर जर्व्हिस टॉलबर्न यांनी बांधले. जुने घर पाडून नवे उभे करताना त्यांनी लंडनहून एक वास्तुकार आणला होता. हा गृहस्थ अंगाने काडी, पण बोलण्यात मोठा कडक. समोरच्या हिरवळीवर उभे राहून दोघांचा वाद झाला, आणि त्या वादातच माझा जन्म झाला.

"तिथं खिडकी होणार नाही," सर जर्व्हिस म्हणाले. "दिवाणखान्यातल्या शेकोटीचं धुराडं तिथूनच वर जातंय."

"मग पूर्वेच्या टोकाची जिन्याची खिडकीही काढून टाकू या, सर."

"आणि मी जिना काय चाचपडत चढू?"

"तसं असेल तर पश्चिमेलाही खिडकी दिसली पाहिजे. असली पाहिजे असं मी म्हणतच नाही. दिसली पाहिजे."

सर जर्व्हिसनी हात टेकले. त्या काळी घराचे तोंड दोन्ही बाजूंनी सारखे असणे हा अब्रूचा प्रश्न होता. म्हणून दगडी चौकट, कोरीव उंबरठा, वरची कमान, सारे काही मला इतर खिडक्यांसारखेच मिळाले. फक्त काचेच्या जागी विटा आल्या. विटांवर गिलावा झाला आणि गिलाव्यावर एका रंगाऱ्याने काळी तावदाने आणि पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या. माझ्या पाठीमागून धुराची नळी जाते. त्या नळीतून खालच्या दिवाणखान्यातले बोलणे वर येते, म्हणूनच मला घरातल्या गोष्टी कळतात.

वरच्या मजल्यावर आम्ही दक्षिणेकडे तोंड करून सातजणी. पूर्वेच्या टोकाला जिन्याची खिडकी, पश्चिमेच्या टोकाला मी, आणि मधल्या पाचजणी राजाच्या दालनाच्या.

हे दालन सर जर्व्हिसनी राजासाठी बांधले होते. राजाची स्वारी त्या वाटेने जाणार आणि एक रात्र एल्डरकोमला मुक्काम करणार, असे ठरले होते. पिवळ्या रेशमाने मढवलेला पलंग आला, भिंतींनाही तेच रेशीम लागले. राजाला मात्र वाटेत सर्दी झाली आणि तो मागे फिरला. पुढच्या वर्षी येईन, असा निरोप आला. तेव्हापासून टॉलबर्न मंडळी वाट पाहत होती. उन्हाने रेशीम विटते, म्हणून त्या पाचही खिडक्यांचे पडदे खाली सोडले ते सोडलेच. आणि घराचे तोंड सारखे दिसावे म्हणून रंगाऱ्याने माझ्याही तावदानांवर खाली सोडलेला एक पडदा रंगवून टाकला.

मित्रांनो, माझ्या चांगल्या दिवसांतही मला एका गोष्टीची खंत होती. सूर्य मावळतीला गेला की माझ्या सहाही बहिणींच्या काचा सोन्यासारख्या चमकायच्या आणि मी तेवढी मख्ख उभी असायची. पाहुणे हिरवळीवरून वर बघायचे, घराची तारीफ करायचे, आणि मग त्यांचे लक्ष माझ्याकडे जायचे. "ती शेवटची खिडकी अशी काय?"

टॉलबर्नांकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर होते. पूर्वी आमच्या देशात खिडक्यांवर कर असायचा. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी तो चुकवण्यासाठी खिडक्या बुजवल्या, हे खरे आहे. मग कोणा टॉलबर्नाच्या डोक्यातून निघाले की आमचीही खिडकी अशीच बुजवलेली असणार. दुसऱ्याने ते जेवणाच्या टेबलावर सांगितले, तिसऱ्याने त्यात मीठमसाला घातला, आणि दोन पिढ्यांत ती घराची लाडकी गोष्ट होऊन बसली. आमच्याकडच्या मोठ्या घरांना आपल्या पूर्वजांच्या चिक्कूपणाचा फार अभिमान असतो. पैसा नसला तरी चालतो, पण एखादा चिक्कू आजोबा लागतोच.

मी मनातल्या मनात म्हणायची, अरे, मला कोणी बुजवलेले नाही, मी जन्मापासून अशीच आहे. पण माझे कोण ऐकणार?

वर्षे गेली. दर काही वर्षांनी परांची बांधली जायची, घरातल्या साऱ्या लाकूडकामाबरोबर मलाही रंगाचा नवा हात मिळायचा. मग ते दिवस सरले. दोन महायुद्धे झाली. दुसऱ्या युद्धात लष्कराने घर ताब्यात घेतले. सैनिकांनी दिवाणखान्यात बूट वाळवले आणि जिन्याचे कठडे जाळून शेक घेतला. माझा रंग पोपडे धरून गळू लागला. आयव्हीचा वेल माझ्या उंबरठ्यापर्यंत चढला. माझ्याकडे बघायला कोणाला वेळच नव्हता.

त्या धामधुमीत एकच जागा शाबूत राहिली, ती म्हणजे राजाचे दालन. घराच्या मालकीणबाई लेडी हेस्टर टॉलबर्न दारात खुर्ची टाकून बसल्या आणि कर्नलसाहेबांना म्हणाल्या, "ही खोली मिळणार नाही. ती दिलेली आहे."

"कोणाला?" कर्नलने विचारले.

"राजाला."

कर्नलने सलाम ठोकला आणि तो निघून गेला. या गोष्टीचा हेस्टरबाईंना केवढा गर्व होता म्हणून सांगू. नवरा गेला होता, जमिनी विकल्या गेल्या होत्या, छपरातून पाणी गळत होते. पण ते रेशीम आपण सांभाळले, ही एक गोष्ट त्यांच्यापाशी धड उरली होती.

युद्ध संपल्यावर त्यांचा मुलगा एडमंड पूर्वेकडच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून परत आला. आला तो हाडांचा सापळा होऊन. त्याची छाती पार बिघडली होती. त्याच्याबरोबर त्याची बायको मॅरियन होती. ती परिचारिकेचे काम केलेली, सरळ बोलणारी आणि कोणाला न घाबरणारी. एडमंडला माझ्या मागच्या कोपऱ्याच्या खोलीत ठेवले, कारण लहानपणी ती त्याचीच खोली होती. तिला एकुलती एक खिडकी, तीही उत्तरेकडे. उन्हाची तिरीपसुद्धा तिथे यायची नाही.

त्या वर्षीचा हिवाळा भयंकर होता. कोळसा मिळेना, नळ गोठले. एडमंडचा खोकला मला विटांमधून ऐकू यायचा. वसंत लागला तेव्हा डॉक्टर येऊन म्हणाले, "औषध मी देतो. पण याला ऊन हवंय, आणि ते मला बाटलीत भरून देता येत नाही. तळमजल्यावर मात्र नेऊ नका, त्या दगडी फरशा ओल धरतात."

डॉक्टर गेल्यावर दिवाणखान्यात सासू-सुनेचे जे बोलणे झाले, ते नळीतून मला शब्द न् शब्द ऐकू आले.

"आई, वरती पाच खिडक्या आहेत दक्षिणेच्या," मॅरियन म्हणाली. "पाच."

"ते राजाचं दालन आहे, मॅरियन."

"ठाऊक आहे मला. त्याला यायला जरा उशीर झालाय, नाही का?"

"चेष्टा नको करूस. माझ्या सासूबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हा मी शब्द दिलाय. एकदा पडदे वर गेले की रेशीम उन्हाळाभरही टिकायचं नाही."

"आणि एडमंड किती टिकेल, ते विचारलंत का कुणाला?"

मला वाटले, बाई आता ऐकणार. पण माणसाला जुना हट्ट सोडण्यापेक्षा नवी युक्ती काढणे सोपे वाटते. हेस्टरबाई म्हणाल्या, "त्याच्याच खोलीत आपण ऊन आणू. ती बुजवलेली खिडकी उघडू. कर तर केव्हाच गेला. विटा काढायच्या, काचा बसवायच्या, झालं."

"खरंच की," मॅरियन म्हणाली. "हे माझ्या कसं नाही लक्षात आलं?"

मित्रांनो, माझ्यामागे खिडकी नाही, धुराची नळी आहे. त्या नळीवर, छपराच्या वर, दगडी धुराड्याचा सारा भार उभा आहे. मला फोडले की तो भार कुठे येणार? आतल्या खोलीत. आणि एडमंडच्या पलंगाची उशाकडची बाजू माझ्याच भिंतीला लागून होती. मी मोडेन याचे दुःख होतेच, पण एवढी वर्षे त्या पोराच्या उशाशी उभी राहून त्याच्याच अंगावर कोसळायचे, हा विचार मला सहन होईना. घरातल्यांना सांगावे तर तोंड नाही. ते फक्त तुमच्यापाशी उघडते.

गावचा गवंडी टक आला. गलेलठ्ठ, सदा शीळ घालणारा माणूस. तो परांचीवर चढला, माझ्यावर दोन टिचक्या मारल्या आणि खाली बघून ओरडला, "करासाठीच बुजवलेली आहे हो, बाईसाहेब. माझे आजोबापण हेच सांगायचे." गोष्ट गावभर झाली होती, त्याला तरी काय बोल लावायचा?

मॅरियनने खोलीतला पलंग सरकवायचा म्हटले, तर एडमंड ऐकेना.

"राहू दे गं इथंच. पहिला उजेड मला इथून पाहायचाय."

"धूळ बसेल तुझ्या नाकातोंडात."

"बसू दे. चांगल्या घराण्यातली धूळ आहे."

त्याला कितीतरी दिवसांनी गंमत करावीशी वाटली होती, म्हणून मॅरियन हसली आणि पलंग तिथेच राहिला. मला मात्र रडावेसे वाटत होते.

आता यातही टॉलबर्नांची एक रीत आड आली, आणि देवाच्या कृपेनेच आली असे मी म्हणते. घरात काहीही नवे होणार असले की पाद्रीबाबांना चहाला बोलवायचे, ही त्यांची रीत. नवी गाय आणली तरी पाद्री, नवा पंप बसवला तरी पाद्री. मग खिडकी उघडायची तर पाद्री हवेतच. हेस्टरबाईंनी त्यांना दुपारीच बोलावून घेतले आणि पाहुण्याचा मान म्हणून दिवाणखान्यातली मोठी शेकोटी पेटवायला सांगितले. लष्कराने घर सोडल्यापासून ती पेटलीच नव्हती. पण हिवाळ्यात एक जुने झाड उन्मळून पडले होते, त्याची लाकडे होती. घराची जुनी कारभारीण मिसेस क्रॅडॉक जाळ फुंकता फुंकता कुरकुरली, "एका पाद्र्यासाठी एवढी लाकडं. तिकडे माझं स्वयंपाकघर गारठलंय."

धूर माझ्या पाठीमागून वर जाऊ लागला. कितीतरी वर्षांनी माझी पाठ गरम झाली. एरवी मला त्याचे सुख वाटले असते.

वर टकने छिन्नी लावली. रंगवलेला पडदा टवके होऊन खाली पडला. मग गिलावा गेला. मग एक वीट सैल झाली. टकने ती बाहेर ओढायला पाहिली, ती येईना, म्हणून त्याने हातोड्याने आत ढकलली.

वीट आत गेली आणि नाहीशी झाली.

टक शीळ घालायचा थांबला. त्याने कान दिला. नळीतून वीट गडगडत, आपटत खाली गेली आणि धाडकन शेकोटीत पडली. निखारे उडाले. राखेचा लोट पाद्रीबाबांच्या चहावर, केकवर आणि दाढीवर बसला. नेमके तेव्हाच हेस्टरबाई त्यांना खिडकीकराची गोष्ट सांगत होत्या.

"लेडी टॉलबर्न," पाद्रीबाबा शांतपणे दाढी झटकत म्हणाले, "तुमची खिडकी खाली आली वाटतं."

इकडे माझ्या भोकातून धूर निघाला आणि टकचे तोंड काळे झाले. तो खोकत, डोळे चोळत परांचीवरच बसला. मग त्याने मान वर करून धुराड्याकडे पाहिले, खाली मला पडलेल्या भोकाकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. हेस्टरबाई आणि मॅरियन हिरवळीवर धावत आल्या.

"टक! काय झालं?"

"बाईसाहेब, ही खिडकी नाहीये. कधीच नव्हती. मागं सगळं धुराडं आहे."

"मग ते बुजवून टाक परत, त्यात काय?"

"बुजवतो की. पण आज शेकोटी पेटली नसती ना, तर मी संध्याकाळपर्यंत सगळी चौकट मोकळी केली असती. मग वरचा तो डोलारा आत गेला असता." त्याने आवाज खाली आणला. "साहेब आत निजलेत, त्यांच्या अंगावर."

हेस्टरबाई ओल्या हिरवळीवर मटकन खाली बसल्या. त्या बाईंना तशा बसलेल्या मी जन्मात पाहिले नव्हते. मॅरियन आत धावली. माझ्या मागून मला तिचा आवाज ऐकू आला, आणि मग एडमंडचा, नेहमीसारखा, सावकाश.

"म्हणूनच लहानपणी ही भिंत गरम असायची. मी पाठ टेकून बसायचो. कुणी विचारलंच नाही, गरम का म्हणून."

मित्रांनो, तो बोलला आणि माझ्या जिवात जीव आला. एक वीट गेली होती, रंग गेला होता, पण मी उभी होते. माझ्या पाठीशी तो श्वास घेत होता. एवढे हायसे मला कधीच वाटले नव्हते.

खाली मॅरियन परत आली. सासूला दोन शब्द सुनावण्याचा तिला हक्क होता आणि मला वाटले ती सुनावणार. तिने हेस्टरबाईंना हात दिला.

"उठा, आई. ओलं आहे."

"माझीच कल्पना होती," हेस्टरबाई म्हणाल्या. "मीच त्याला मारलं असतं. एका पलंगापायी."

"पण मारलं नाहीत ना. तुम्हीच शेकोटी पेटवलीत."

"पाद्र्यासाठी."

"कुणासाठी का होईना."

हेस्टरबाई उठल्या. झगा झटकला. मग त्यांनी वर पाहिले. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या पाच खिडक्यांकडे. त्या खिडक्या खऱ्या होत्या, त्यांना काचा होत्या, त्या उघडत होत्या, आणि तरी त्यांच्यातून कोणी कधी बाहेर पाहिले नव्हते. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, की त्या सगळ्यांत खोटी मी एकटीच नव्हते.

"मिसेस क्रॅडॉक," बाईंनी हाक मारली, "राजाच्या दालनाची किल्ली आणा."

थोड्या वेळाने माझ्या शेजारी पडद्याची दोरी ओढल्याचा आवाज झाला. दोरी कुजलेली होती, ती तुटली आणि पडदाच खाली आला. मग दुसरा. मग सगळेच. अडसर कुरकुरले, काचा वर सरकल्या. त्या दालनातले बोलणे मला पहिल्यांदाच ऐकू आले, कारण त्याच्या खिडक्या पहिल्यांदाच उघडल्या होत्या.

मग हेस्टरबाईंचा आवाज आला. "मिसेस क्रॅडॉक, हे रेशीम... याच्या तर चिंध्या झाल्यात."

"हो, बाईसाहेब."

"अंधारात? उन्हाशिवाय?"

"जुनं झालं की जातंच ते, बाईसाहेब. धूळ झटकायला गेले की हातात यायचं. मला ठाऊक होतं कधीचं. तुम्हाला सांगवलं नाही."

मला वाटले, बाई आता रडतील. पण त्या हसू लागल्या. आधी जरा, मग पोट धरून, मग मिसेस क्रॅडॉकही हसू लागली, आणि खालून काळ्या तोंडाचा टक विचारू लागला की वर झाले तरी काय.

ऊन कलायच्या आत एडमंडला उचलून त्या पलंगावर आणले. दुपारचे ऊन पाचही खिडक्यांतून त्याच्या अंगावर आले. त्याने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तसाच पडून राहिला.

"आई," तो म्हणाला, "आणि समजा राजा आलाच तर?"

"आला तर त्याला कोपऱ्याच्या खोलीत झोपव," हेस्टरबाई म्हणाल्या. "भिंत गरम आहे म्हणावं."

एडमंड बरा झाला, मित्रांनो. लगेच नाही, सावकाश. आधी उशीला टेकून बसू लागला, मग खिडकीशी खुर्चीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात हिरवळीवर चालताना मी त्याला पाहिले. टकने माझी वीट परत बसवली, गिलावा केला, परांचीवर होताच म्हणून आयव्हीही कापली. मग रंगाचा प्रश्न आला. रंगारी शिडीवर उभा राहून विचारू लागला, "पूर्वीसारखाच पडदा काढायचा ना, साहेब? खाली सोडलेला?"

एडमंडने मागे सरून घराकडे पाहिले. पाचही खिडक्यांचे पडदे वर होते आणि एका चौकटीत मॅरियन अंथरूण वाळत घालत होती.

"बाकीच्यांचे वर आहेत," तो म्हणाला. "मग हिचाही वर काढा. सगळ्या सारख्या दिसायला हव्यात."

असा माझा पडदा वर गेला. माझ्या काळ्या तावदानांवर रंगाऱ्याने थोडा पिवळा हातही फिरवला, संध्याकाळचे ऊन पडल्यासारखा. तो पिवळा माझ्यावर अजून आहे, जरा फिका झाला असला तरी. मी अजूनही उघडत नाही, आणि उघडू नये यातच सगळ्यांचे भले आहे.

पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या खिडक्या उघडतात. एखादी चांगली खोली, एखादे सुंदर पांघरूण तुम्ही कोणा मोठ्या पाहुण्यासाठी राखून ठेवले असेल, तर एकदा घरात नजर फिरवा. ज्याला त्याची खरी गरज आहे तो कदाचित आधीच आलेला असेल आणि उत्तरेकडच्या खोलीत खोकत पडला असेल. त्याच्यासाठी पडदा वर करा. माझा तर रंगाऱ्याला करावा लागला. तुमचा तुम्हाला नुसत्या हाताने करता येतो.